वळिवड्याचें पोलिश गांव

सोलापूरकरांना निर्वासित या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. १९४७ च्या उत्तरार्धांत व १९४८ च्या पहिल्या आठ महिन्यांत निजामी मुलखांतील उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतून रझाकारांच्या भयानें निघालेलीं कुटुंबें बैलगाड्यांतून, पायीं, जमेल त्या वाटेनें सोलापूर व बार्शीकडे येत होतीं. या जिल्ह्याच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाची हद्द अगदीं खेटून. कोणाचें शेत तिकडे तर सोयरीक इकडे, असें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें. त्यामुळें आलेल्या माणसाला येथें कोणी तरी ओळखीचें भेटे, आणि मागें राहिलेल्यांची खबर उशिरानें का होईना, पण येऊन पोंचे. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सेना सोलापुराहूनच नळदुर्गाच्या दिशेनें निघाली, पांच दिवसांत निजामानें शरणागति पत्करली, आणि हीं कुटुंबें हळूहळू आपापल्या गांवीं परतलीं. ताटातूट झाली ती महिन्यांची. अंतर होतें तें एक-दोन दिवसांच्या वाटेचें. (त्या कारवाईनंतर याच जिल्ह्यांतील मुसलमान वस्त्यांवर जें ओढवलें, त्याच्या चौकशीसाठीं पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाठवावें लागलें. तो इतिहास स्वतंत्रपणें लिहिला गेला पाहिजे. येथें त्याचा केवळ उल्लेख करून पुढें जातों.)

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळ्या निर्वासितांचा आहे. ज्या महिन्यांत सोलापूरच्या वेशींतून मराठवाड्याचीं कुटुंबें आंत येत होतीं, त्याच महिन्यांत कोल्हापूरजवळच्या वळिवडें येथील छावणींतून पोलंड देशाचीं माणसें शेवटचें सामान बांधून बाहेर पडत होतीं. सुमारे पांच हजारांची ती वस्ती; बहुतेक स्त्रिया आणि मुलें. हीं माणसें आपल्या गांवीं परत जात नव्हतीं. त्यांतील पुष्कळशीं निघालीं होतीं इंग्लंडला, म्हणजे जो देश त्यांनीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता अशा देशाला. आणि याचें कारण एवढेंच, कीं कोणाचा नवरा, कोणाचा बाप, कोणाचा मुलगा तेथें येऊन थांबला होता. आठ-आठ वर्षें दुरावलेल्या माणसांना एकत्र आणण्याची ही एक मोठी सरकारी योजना होती, आणि तिचा एक धागा आपल्या पंचगंगेच्या कांठावरून गेला आहे.

वळिवड्याविषयीं आपल्याकडे जें थोडेंफार लिहिलें-बोललें जातें, त्यांत आदरातिथ्याचा भाग ठळक असतो, आणि तो खोटाहि नाहीं. परंतु मला त्या हकीकतीतील दुसरीच एक बाजू अधिक विचार करण्यासारखी वाटते. दुरावलेले आप्त पुन्हां भेटावेत असें प्रत्येकजण म्हणतो. पण आप्त कोणाला म्हणावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार त्या आप्तांच्या हातीं राहत नाहीं. तो कागदावर जातो, यादींत जातो. या पोलिश लोकांच्या सबंध प्रवासांत, रशियाच्या बर्फापासून मुंबईच्या धक्क्यापर्यंत, अशा याद्या पुन्हां पुन्हां आडव्या आल्या आहेत.

पहिली यादी अर्थात् शत्रूची. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून व १७ सप्टेंबर रोजीं सोव्हिएट रशियानें पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केलें, आणि त्या देशाची दोघांत वांटणी झाली. रशियाच्या वांट्यास आलेल्या पूर्व भागांतून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधींत चार मोठ्या लाटांनीं लक्षावधि माणसें मालगाडीच्या डब्यांत कोंडून उत्तर रशिया, सायबेरिया व कझाकस्तान येथें नेण्यांत आलीं. पहिली लाट १० फेब्रुवारीची, ऐन हिंवाळ्यांतली. रात्रीं दार ठोठावयाचें, अर्ध्या तासांत सामान बांधावयास सांगावयाचें, आणि घरांतील तान्ह्या मुलापासून आजोबांपर्यंत सर्वांना स्टेशनावर न्यावयाचें, अशी ती रीत होती. एप्रिलमधील दुसऱ्या लाटेंत मुख्यतः अशा स्त्रिया व मुलें होतीं, कीं ज्यांच्या घरचे पुरुष सैन्यांतील अधिकारी, पोलीस वगैरे असून आधींच रशियाच्या कैदेंत होते. या बायका कझाकस्तानच्या माळावर उतरल्या, त्याच वसंतऋतूंत त्यांतील अनेकींच्या नवऱ्यांना कातिनच्या अरण्यांत व इतर ठिकाणीं गोळ्या घालून पुरलें जात होतें. मारलेल्यांची एकूण संख्या सुमारे बावीस हजार. बायकांना याची गंधवार्ताहि नव्हती. त्या पत्रें लिहीत राहिल्या; उत्तरें येणें मात्र थांबलें.

जून १९४१ मध्यें जर्मनी रशियावरच उलटला, आणि काल ज्यांना गुलामाप्रमाणें लांकडें तोडावयास लावलें होतें तेच पोलिश लोक रशियाला एकाएकीं मित्र वाटूं लागले. ३० जुलै १९४१ च्या करारानें त्यांना मुक्त करण्याचें ठरलें, व जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखालीं रशियाच्या भूमीवर पोलिश सैन्य उभारण्यास परवानगी मिळाली. ही बातमी ज्या ज्या छावणींत पोंचली तेथून माणसें दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या बाजूला, निघालीं. कित्येक आठवड्यांचा तो प्रवास. वाटेंत टायफस आणि उपासमार. स्टेशनावर भाकरी किंवा ऊन पाणी आणावयास उतरलेली आई परत येईतों गाडी सुटून गेलेली, अशा हकीकती त्या पिढीच्या आठवणींतून इतक्या वेळां येतात कीं त्यांना अपवाद म्हणणें कठीण आहे. हद्दपारींतहि जीं कुटुंबें एकत्र राहिलीं होतीं, तीं सुटकेच्या वाटेवर फुटलीं.

दुसरी यादी या ठिकाणीं आली. १९४२ च्या मार्च-एप्रिल व ऑगस्ट महिन्यांत हें सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणांत गेलें. क्रास्नोव्होद्स्क बंदरांतून निघावयाचें व पहलवी बंदरांत उतरावयाचें. एकंदर एक लाख पंधरा हजारांच्या वर माणसें अशीं बाहेर पडलीं; पैकीं चाळीस हजारांच्या आसपास सैनिक नव्हते. पण बाहेर पडण्याचा हक्क सैन्याला होता, आणि सैन्याशीं ज्यांचें नातें होतें त्यांना होता. ज्यांच्या घरांतून कोणी भरती झाला होता त्यांना जहाजावर जागा. ज्यांचें कोणी नव्हतें त्यांना तोच देश, तोच हिंवाळा. मग पोरसवदा मुलांनीं वय वाढवून सांगितलें व गणवेश चढविला. मग आयांनीं जिवंतपणीं आपलीं मुलें पोलिश अनाथालयाच्या दारांत नेऊन सोडलीं, कारण अनाथांचीं पथकें सैन्याबरोबर जाणार होतीं. पोलंडचे नागरिक असलेल्या यहुदी, युक्रेनियन व बेलोरशियन लोकांना तर रशिया पोलिश मानावयासच तयार नव्हता, म्हणून त्यांतील बहुतेकांच्या वाटेंत आणखी एक भिंत उभी राहिली. जानेवारी १९४३ मध्यें मागें उरलेल्या सर्वांना रशियानें आपले नागरिक ठरवून टाकलें; एप्रिलांत कातिनचीं थडगीं उघडकीस आलीं, पोलिश सरकारनें चौकशीची मागणी करतांच रशियानें संबंध तोडले, आणि दार लागलें. इराणांत पोंचलेल्या प्रत्येक कुटुंबामागें रशियांत उरलेलें कोणी ना कोणी होतें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

सैनिक इराक, पॅलेस्टाइन व पुढें इटलीच्या रणांगणाकडे गेले. उरलेल्या स्त्रिया-मुलांचें काय करावयाचें? इराण युद्धांत अडकलेला, धान्याचा दुष्काळ. तेव्हां ब्रिटिश साम्राज्यांत व बाहेर जेथें जागा मिळेल तेथें त्यांची पांगापांग झाली: पूर्व आफ्रिकेंत सर्वांत अधिक, मेक्सिकोंत कांहीं, न्यूझीलंडांत १९४४ सालीं ७३३ मुलें. हिंदुस्थानांत प्रथम आलीं तीं पोरकीं मुलें. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं जामनगरजवळ बालाचडी येथें त्यांच्यासाठीं १९४२ सालीं निवारा उभा केला. वॉर्सा शहरांतील एका चौकाला आज ‘भल्या महाराजां’चें नांव आहे तें त्याबद्दल. आजारी मुलांची कांहीं काळ आपल्या पांचगणीला सोय केली होती. मग कराचीच्या तात्पुरत्या छावणींतून मोठ्या संख्येनें कुटुंबें येऊं लागलीं, आणि त्यांच्यासाठीं वळिवड्याची निवड झाली.

ही निवड हवेकडे पाहून झाली असें सांगतात, व तें खरें वाटतें. बर्फांतून आलेल्या माणसाला सिंध-काठेवाडच्या उन्हापेक्षां कोल्हापूरची हवा सोसण्यासारखी. शिवाय कोल्हापूर-मिरज आगगाडीचा रस्ता जवळून जाणारा व नदी शेजारीं. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळीं अज्ञान राजे होते व कारभार रीजन्सीकडे होता. १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास छावणी नांदूं लागली. लांबच लांब चाळीवजा बराकी, वर कौलें, पुढें ओसरी, आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या व चूल. हा शेवटचा तपशील क्षुल्लक नाहीं. इतर अनेक छावण्यांतून सर्वांसाठीं एकत्र स्वयंपाक होई व माणसें थाळी घेऊन रांगेंत उभीं राहत. वळिवड्यास कुटुंबाला महिन्याचा भत्ता मिळे व ज्यानें त्यानें आपापलें रांधावें अशी व्यवस्था होती. चार वर्षें ज्या बाईला स्वतःची चूल नव्हती तिला ती येथें मिळाली. चर्च झालें, इस्पितळ झालें, बालवर्गापासून वरच्या वर्गापर्यंत शाळा निघाल्या, बालवीरांचीं पथकें, नाटकें, सिनेमा. कोल्हापूरचे फेरीवाले व दुकानदार दाराशीं येऊन कामापुरती पोलिश बोलूं लागले. छावणीचे प्रमुख काप्तान यागिएलोविच हे पोलिशच होते. खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचा. भगवद्गीतेचें पोलिश भाषांतर करणाऱ्या व उमादेवी या नांवानें हिंदुस्थानांत रमलेल्या वांदा दिनोव्स्का या विदुषीहि या छावणीशीं निगडित होत्या, आणि मुलांना या देशाची ओळख करून देण्याचा त्यांनीं मनापासून यत्न केला.

हें सर्व असलें तरी त्या गांवांत पुरुष नव्हते. म्हातारे होते, जायबंदी होते, धर्मगुरु होते, शिक्षक होते. पण बाप, नवरे व थोरले भाऊ एक तर आंदेर्सच्या सैन्यांत होते, किंवा रशियांत, किंवा जर्मनांच्या हाताखालीं पोलंडांत, किंवा कोठें हें कोणास ठाऊक नव्हतें. अशा गांवाचें मुख्य देवस्थान म्हणजे टपाल. सैन्याकडून येणारीं पत्रें तपासनिसाच्या हाताखालून येत, म्हणून त्यांत ठिकाण नसे. रेड क्रॉसतर्फे शोध चाले. परदेशांतल्या पोलिश नियतकालिकांतून ‘अमक्या गांवचा, अमक्याचा मुलगा, शेवटीं अमुक स्टेशनावर दिसलेला’ अशा चौकशीच्या जाहिराती स्तंभच्या स्तंभ भरून येत. मे १९४४ मध्यें पोलिश दलानें इटलींत माँते कासीनोचा डोंगर जिंकला. जगाला ती विजयाची वार्ता होती. वळिवड्याला ती मृतांच्या नांवांची वाट पाहण्याची सुरुवात होती.

फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें मोठ्या राष्ट्रांनीं पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविली. ल्वूफ व विल्नो हीं शहरें व त्यांभोवतालचे प्रांत, म्हणजे वळिवड्याच्या बहुसंख्य रहिवाशांचीं घरें, सोव्हिएट रशियांत गेलीं. जुलैमध्यें ब्रिटननें लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली व वॉर्सांतील नव्या सरकारला दिली. एका उन्हाळ्यांत या पांच हजार माणसांचें घर, देश व त्यांचा खर्च चालविणारें सरकार, तिन्ही गेलीं. आणि युद्ध मात्र जिंकलें गेलें होतें! छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यसंस्थेकडे, म्हणजे ‘उन्रा’कडे, व १९४७ च्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला.

‘उन्रा’चें धोरण मायदेशीं परत पाठविण्याचें होतें. नोंदणी होऊं लागली, कोठें जावयाचें तें विचारलें जाऊं लागलें. कांहींजण पोलंडला गेले. ज्यांचे आप्त तेथें जिवंत असल्याचें कळलें होतें त्यांना ती वाट स्वाभाविक होती. पण ज्यानें सायबेरिया पाहिला तो रशियाच्या छायेखालीं आलेल्या राज्यांत पुन्हां जाण्यास सहसा तयार होत नसे. आणि इतक्यांत सैनिकांचा प्रश्न ब्रिटनपुढें उभा राहिला. इटलींतील पोलिश सैन्य १९४६ सालीं ब्रिटनमध्यें आणलें गेलें; ज्यांनीं खांद्याला खांदा लावून युद्ध केलें त्यांना बळेंच परत धाडणें शोभणारें नव्हतें. त्यांच्यासाठीं पुनर्वसन दल काढण्यांत आलें, व २७ मार्च १९४७ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटनें पोलिश पुनर्वसनाचा कायदा संमत केला. परकीय लोकांना मोठ्या संख्येनें वसवून घेण्यासाठीं त्या देशानें केलेला अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा. त्यांत निवाऱ्याची, शिक्षणाची, औषधपाण्याची तरतूद होती. आणि सैनिकांवर अवलंबून असलेल्या आप्तांना आणून त्यांच्याजवळ पोंचविण्याची वाट त्या धोरणानें मोकळी झाली. वळिवडें, टेंगेरू, कोजा, लेबानन, जेथें जेथें पोलिश बायकामुलें अडकलीं होतीं तेथून जहाजें सुटूं लागलीं.

तिसरी यादी ती हीच, आणि न्याय म्हणजे काय याची खरी परीक्षा येथें होते. ही योजना उदार होती याबद्दल वाद नाहीं. तींतून एक लाखाहून अधिक पोलिश माणसें ब्रिटनमध्यें स्थिरावलीं. पण तिचें मूळ आप्तांच्या दुःखांत नव्हतें, सैनिकाच्या सेवेंत होतें. ज्या बाईचा नवरा इटलींत लढून जिवंत राहिला तिला जहाज मिळालें. जिचा नवरा कातिनच्या अरण्यांत १९४० सालींच मारला गेला, जिला मुलगा नव्हता किंवा तो अगदीं लहान होता, तिच्याजवळ दाखवावयास कोणता सैनिक होता? जिनें सर्वांत अधिक गमावलें तिच्या हातांत सर्वांत कमी कागद. वळिवड्याच्या छावणींतून इंग्लंडला जाऊं न शकलेल्या अशा माणसांची १९४८ मध्यें पूर्व आफ्रिकेच्या किंवा लेबाननच्या छावण्यांकडे रवानगी झाली, म्हणजे एका प्रतीक्षालयांतून दुसऱ्यांत. तेथून कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला गेलें. पूर्व आफ्रिकेहून निर्वासितांचें एक जहाज १९५० च्या फेब्रुवारींत ऑस्ट्रेलियाला लागलें. पहिल्या हद्दपारीला तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं.

पोरक्या मुलांची गोष्ट याहून बिकट. बालाचडीचा निवारा १९४६ सालीं बंद झाला व तेथील मुलें वळिवड्यास आणलीं गेलीं. वॉर्सांतील सरकार म्हणे, हीं आमच्या देशाचीं मुलें, यांना परत द्या. कायद्याच्या अक्षरानुसार तें चूक नव्हतें. पण पुष्कळ मुलांचे आप्त तेथें नव्हतेच, आणि ज्यांच्या आया रशियांत राहिल्या होत्या त्यांना वॉर्साला पाठवून आईची भेट होणार नव्हती. शेवटीं जामसाहेब, मुलांचे धर्मगुरु फादर प्लूटा व ब्रिटिश अधिकारी क्लार्क यांनीं मिळून त्यांचें पालकत्व कायदेशीर रीतीनें स्वीकारलें, म्हणजे त्यांना कोणी इच्छेविरुद्ध नेऊं शकूं नये. आप्त नसलेल्याला आप्त मिळवून देण्याचा हा मार्ग आपल्या दत्तकाच्या परंपरेला जवळचा आहे, आणि जामसाहेबांना तो सुचला यांत मला नवल वाटत नाहीं. ते स्वतःहि दत्तकच होते.

येथें आपल्याच घरांतील एका गोष्टीकडे डोळेझांक करतां येत नाहीं. वळिवड्याहून पोलिश स्त्रिया आपल्या माणसांकडे निघाल्या होत्या, त्याच वेळीं पंजाबांत हिंदुस्थान व पाकिस्तान या दोन्ही सरकारांनीं पळविल्या गेलेल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या मूळ कुटुंबांकडे पोंचविण्याचें काम हातीं घेतलें होतें. डिसेंबर १९४७ मध्यें करार झाला, १९४९ सालीं कायदा झाला. दोन्हीकडे मिळून सुमारे तीस हजार स्त्रिया परत आणल्या गेल्या. त्यांतील असंख्य जणींची ती सुटका होती. पण कायद्यानें स्त्रीच्या संमतीला स्थानच ठेवलें नव्हतें. जिला नव्या घरांत मूल झालें होतें, जी परत जावयास नको म्हणत होती, तिलाहि नेलें. आणि मुलाचें काय, हा प्रश्न मागें राहिला. वळिवड्याच्या बाईला ‘तुझें कोण आहे, तुला कोठें जावयाचें आहे’ असें निदान विचारलें तरी गेलें. तिचें उत्तर नेहमींच मानलें गेलें असें नाहीं. परंतु विचारणें व न विचारणें यांतील अंतर लहान नव्हे. १९५१ सालच्या निर्वासितांविषयींच्या जिनिव्हा करारांतसुद्धां कुटुंब एकत्र ठेवण्याचें कलम नाहीं. परिषदेच्या अखेरच्या ठरावांत सरकारांना तशी शिफारस तेवढी केली आहे. त्या करारावर हिंदुस्थाननें सही केलेली नाहीं.

आणि ज्यांची भेट झाली त्यांची भेट कशी झाली? मुंबईहून निघून तीन-चार आठवड्यांनीं इंग्लंडच्या बंदरांत उतरलेल्या मुलाला आठव्या वर्षीं पाहिलेला बाप सोळाव्या वर्षीं दिसला. बापानें तोंवर तुरुंग, बर्फ, वाळवंट व माँते कासीनो पाहिलें होतें. मुलानें आंब्याच्या राया, पावसाळा व शाळा. राहावयास जागा मिळाली ती युद्धकाळांतल्या लष्करी छावण्यांतील अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत, धुक्यांत व ओलींत. वळिवड्याचें ऊन तेथें अनेकांना आठवलें असल्यास नवल नाहीं. या पोलिश छावण्यांपैकीं कांहीं पुढें दहा वर्षांहून अधिक काळ चालू होत्या. एका छताखालीं येणें म्हणजे कुटुंब जुळणें नव्हे. तें काम सरकारी कायद्याच्या आवांक्यांतलें नसतें, आणि तें किती घरांत साधलें याची नोंद कोणत्याहि कचेरींत नाहीं.

रशियांत राहिलेल्यांची वाट याहूनहि लांब होती. स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५५ ते १९५९ या वर्षांत, अडीच लाखांच्या आसपास माणसांना रशियांतून पोलंडमध्यें येऊं दिलें गेलें. म्हणजे ज्या आईनें १९४२ सालीं उझबेकिस्तानांत मुलाला अनाथालयाच्या दारीं सोडलें, तिला बाहेर पडण्याची मुभा मिळाली तेव्हां तो मुलगा ऑस्ट्रेलियांत किंवा इंग्लंडांत पंचविशींत असावयाचा. आणि ती जेथें येऊं शकत होती त्या देशांत तो परतूं इच्छीत नव्हता.

वळिवड्याच्या सर्वच स्त्रिया गेल्या असें नाहीं. बोटावर मोजण्याइतक्या जणींनीं येथील तरुणांशीं विवाह केले व त्या कोल्हापूरच्या झाल्या. नऊवारी-पांचवारी नेसून, मराठी बोलून त्यांनीं येथें संसार केले. आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस चीनमध्यें गेले, तेथील परिचारिकेशीं विवाह करून १९४२ सालीं तेथेंच वारले, त्याचेंच हें उलटें प्रतिबिंब. या स्त्रियांचें माहेर मात्र कोठें होतें हें नकाशावर दाखविणें अवघड. गांव तेंच, देश निराळा झालेला.

छावणी १९४८ सालीं रिकामी झाली, आणि बराकी फार दिवस ओस राहिल्या नाहींत. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथें वसविण्यांत आलें, वस्तीचें नांव गांधीनगर झालें. ज्या चुलींवर पोलिश बायकांनीं बीटाचें सार शिजविलें त्यांवर सिंधी बायकांनीं कढी चढविली. यांच्यासाठीं कोणतेंहि जहाज येणार नव्हतें; मागें सोडलेल्यांना आणण्याची वाट लवकरच परवान्यांनीं व पारपत्रांनीं अरुंद झाली. त्या वस्तीनें कापडाच्या व्यापारांत जम बसविला, आणि आज गांधीनगर ही दक्षिण महाराष्ट्रांतील कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. सोलापूरच्या चादरीवाल्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाहीं. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडींतून रुकडी मागें पडली कीं वळिवडें स्टेशन येतें. पाटीवर नांव वाचून कोणी उठून बघतो असें मला दिसलें नाहीं, आणि मीहि पहिल्या कित्येक प्रवासांत तसाच बसून होतों.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत १९९८ सालीं उभारलेला स्तंभ आहे. वॉर्सांतहि वळिवड्याच्या छावणीचें व कोल्हापूरचें स्मारक आहे, तें २०१७ सालचें. वळिवड्यास स्मृतिदालनाचें काम २०१९ मध्यें सुरू झालें, त्या प्रसंगीं त्या छावणींत लहानाचीं मोठीं झालेलीं कांहीं माणसें, आतां नव्वदीकडे झुकलेलीं, दूरदूरच्या देशांतून आलीं होतीं. अशीं माणसें येतात तेव्हां तीं कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींतहि जातात. तेथें पोलिश थडगीं आहेत: रशियाचा हिंवाळा सोसून, इराण ओलांडून येथें पोंचलेल्यांचीं, लहान मुलांचीं व म्हाताऱ्यांचीं. १९४७-४८ मध्यें जेव्हां सामान बांधलें गेलें व नांवें पुकारलीं गेलीं, तेव्हां मागें राहिले ते हे आप्त. त्यांच्यावरचीं अक्षरें मधल्या काळांत पुसट झालीं होतीं. अलीकडे तीं पुन्हां कोरून घेतलीं आहेत.